नर आहे का?

दर पावसाळ्यात एकदा तरी पेपरात येतंच, 'सह्याद्रीत नवीन प्रजाती सापडली', आणि मग तासाभरात आईचा फोन, "वाचलंस का रे? तुझ्यासारख्याच पोरांनी शोधलीय." मी चाळिशीला आलोय पण ते असो.

बातमी वाचून मला आनंद होतोच, पण आधी डोकं दुखतं ते त्या 'प्रजाती' शब्दाने. मराठी विश्वकोशात बघा, स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस (जवळच्या जातींचं घराणं) म्हणजे प्रजाती, चांगले दोन वेगळे शब्द आहेत आपल्याकडे. पण पेपरवाल्यांनी स्पीशीजलाच प्रजाती करून टाकलं (जात लिहायला अवघड वाटत असावं, माझा आपला अंदाज) आणि मग खरोखरची नवीन प्रजाती, म्हणजे नवीन जीनस आली की त्यांच्याकडे शब्दच उरत नाही. मग तीही 'नवीन प्रजाती'. म्हणजे घरात एक नवीन बाळ आलं काय आणि नवीन आडनाव सुरू झालं काय, बातमी एकच!

आणि हे आमच्या खेकड्यांच्या बाबतीत खरंच झालंय. २०१६ साली पाती, ठाकरे आणि खैरे यांनी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नवीन जाती एकदम प्रसिद्ध केल्या, झूटॅक्सा नावाच्या जर्नलमध्ये. दोन घाटियाना प्रजातीतल्या, तीन गुबरनॅटोरियाना प्रजातीतल्या. त्यातली गुबरनॅटोरियाना ठाकरेयी पेपरात बरीच गाजली. पुढे २०१८ मध्ये पाती आणि ठाकरे यांनीच हा सगळा गोतावळा परत तपासला आणि लक्षात आलं की गुबरनॅटोरियानात जे कोंबलेले होते ते सगळे काही एका घरचे नाहीत. मग त्यांनी 'सह्याद्रियाना' ही नवीन प्रजाती केली, शिवाय त्याच शोधनिबंधात नऊ नवीन जाती. आणि गुबरनॅटोरियाना ठाकरेयी झाली सह्याद्रियाना ठाकरेयी, दोन वर्षांत आडनाव बदललं! खेकडा तोच, बिळातच बसलाय, त्याला काही पत्ता नाही.

आता आडनाव बदललं हे कागदावर कसं कळतं तर कंसावरून. प्राण्यांच्या नावापुढे ते नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहितात. ते उघडं असेल तर जात अजून मूळच्याच प्रजातीत आहे, कंसात असेल तर कोणीतरी नंतर हलवलीय. आमचा कोयनेचा भेक (म्हणजे टोड) घ्या, १९६३ साली सोमण यांनी त्याला बुफो या प्रजातीत घालून कोयनायेन्सिस नाव दिलं. २००९ मध्ये बिजू, वरद गिरी वगैरे मंडळींनी आंबोलीचा एक नवीन भेक आणि हा कोयनेचा असे दोघांना मिळून झँथोफ्रायने ही नवीन प्रजाती केली. तेव्हापासून तो झँथोफ्रायने कोयनायेन्सिस (सोमण, १९६३). सोमणांचं श्रेय गेलं नाही, फक्त कंसात गेलं. मला हा नियम फार आवडतो, सरकारी कागदपत्रांत पण पाहिजे होता.

हे सगळं मला आता माहितीय. तेव्हा माहिती नव्हतं. तेव्हा म्हणजे एमएस्सी झूऑलॉजीचं पहिलं वर्ष, जुलैत घरी आलो होतो, रत्नागिरीकडे आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. लहानपणी पहिला पाऊस पडला की रात्री बॅटरी घेऊन मुठे (गोड्या पाण्यातले खेकडे) धरायला जायचो, त्यामुळे मुठ्यांची ओळख होती, मळकट चॉकलेटी आणि थेट रश्श्यात जाणारे. पण हा वेगळा होता, कातळाच्या भेगेत, जेमतेम दोन बोटं रुंद आणि रंग असा जांभळा की ओल्या जांभा दगडावर कोणी शाई सांडल्यासारखा. फोटो काढला, एका ग्रुपवर टाकला, अर्ध्या तासात चाळीस कमेंट, 'न्यू स्पीशीज!!' 'अभिनंदन भावा' 'तुझं नाव दे याला'. रात्रभर झोप नाही. मी मनातल्या मनात आजीचं नाव लॅटिनमध्ये फिरवून बघत होतो, बाईचं नाव असेल तर शेवटी ई लावायचं, पुरुषाचं असेल तर आय, एवढं मात्र पाठ होतं.

बरणीत अल्कोहोल, त्यात खेकडा, बरणी टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये, आणि एसटीने कोल्हापूर, कॉलेजातल्या सरांकडे. (अभयारण्यातून असं काही उचलायचं तर वनखात्याची परवानगी लागते, उगाच माझं वाचून कोणी जाऊ नका.) सरांच्या टेबलावर बरणी ठेवली आणि रंगाबद्दल बोलायला लागलो, तर सरांनी रंगाकडे बघितलं पण नाही.

"नर आहे का?"

बरणीतून काढून उलटा केला. पोटाचं झाकण रुंद, गोल. मादी.

"मग नर घेऊन ये."

झालं. मला वाटलं माणूस खडूस आहे. पण कारण साधं होतं. या खेकड्यांमध्ये वरची पाठ, रंग, नांग्या यात एकाच जातीत एवढा फरक पडतो की त्याच्यावर विसंबून चालत नाही, आणि रंग तर अल्कोहोलमध्ये काही दिवसांत धुऊन जातो, माझा जांभळा पुढच्या महिन्यात चहाच्या गाळासारखा झाला होता. खरी ओळख नराच्या पोटाच्या झाकणाखाली असते. ते झाकण चिमट्याने उचललं की आत काडीसारख्या बारीक अवयवांच्या दोन जोड्या दिसतात, गोनोपॉड म्हणतात, त्यातल्या पहिल्या जोडीला लॅबमध्ये नुसतं 'जी-वन'. पहिल्यांदा मला 'जीवन' ऐकू आलं होतं. ती काडी सरळ आहे का वाकडी, टोक किती लांब, बाहेरच्या बाजूला वळतंय का आतल्या, यावर जात ठरते आणि बऱ्याचदा प्रजातीसुद्धा.

नर मिळायला पुढचा पावसाळा लागला. मग चार दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या काडीचं चित्र काढत होतो, सर मागून येऊन खोडायचे, "तुला दिसतंय ते काढ, पाहिजे ते नको." मग तुलना. या कामातला सगळ्यात रटाळ भाग हाच आणि खरं काम पण हेच. आधी कोणी कोणी काय नाव दिलंय ते सगळं बघायचं, अल्कॉकचा खेकड्यांचा १९१० चा कॅटलॉग, मग १९७० मध्ये बॉटने केलेल्या प्रजाती, मग अलीकडचे पेपर, कारण नियम असा की जे नाव आधी छापलं ते खरं, आणि प्राण्यांसाठी हा हिशोब १७५८ पासून, लिनियसपासून चालू होतो. नवीन म्हणायचं तर जुन्यांपैकी हा कोणीच नाही हे दाखवावं लागतं, आणि जुन्यांचं वर्णन कधी चार ओळींचं असतं, मग ज्या नमुन्यावरून ते नाव ठेवलं तो नमुनाच कोणीतरी जाऊन बघावा लागतो.

त्याला होलोटाइप म्हणतात. म्हणजे जातीचं नाव हे शेवटी एका बरणीतल्या एका खेकड्याला बांधलेलं असतं. उद्या दहा जणांनी भांडण काढलं की याच नावाखाली दोन जाती आहेत, तर नाव कोणाचं राहणार ते तो एक खेकडा ठरवणार. म्हणून तो कोणाच्या घरी शोकेसमध्ये ठेवता येत नाही, २००२ च्या जैवविविधता कायद्याने पण नवीन काही सापडलं तर नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात द्यावाच लागतो, झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया हा त्यातलाच.

माझ्याला ती वेळ आली नाही. पाचव्या दिवशी सरांनी एक पेपर उघडून आकृती माझ्या चित्राशेजारी धरली. तीच काडी, तेच टोक. नाव आधीच ठेवलेलं होतं, माझा फक्त रंगाने जरा गडद. सर म्हणाले, "चित्र चांगलं आलंय पण." आजीचं नाव राहिलं ते राहिलंच.

लोक विचारतात मग एवढं करून काय मिळालं. लेबल मिळालं ना. गावाचं नाव, तारीख, उंची, धरणाऱ्याचं नाव, बरणीत पेन्सिलने लिहून टाकलंय कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ती जात आमच्या सड्यावर आहे हे आता कुठेतरी लिहिलेलं आहे, आणि सड्यावर चिऱ्याच्या खाणी ज्या वेगाने सरकतायत ते बघता तेवढं तरी बरं.

परवा भाच्याचा मेसेज आला, फोटो हललेला, अंधारात काहीतरी नारिंगी. "मामा हा नवीन आहे का? ग्रुपवर सगळे नवीन म्हणतायत."

मी लिहिलं, "उलटा करून फोटो पाठव."