हजेरीपट आणि पाण्याची डायरी

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारेच लागते, त्यामुळे तिथल्या कित्येक गावांची तहान दूरच्या धरणावरून येणाऱ्या प्रादेशिक योजनेच्या नळावरच भागते. आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासगटात माझा विषय उच्च प्राथमिक वर्गांतील मुलींची गैरहजेरी, तर माझ्या सहकाऱ्यांचा विषय भूजलातील क्षार. अकोला जिल्ह्यातील एका गावात त्या दिवशी आम्ही एकाच गाडीने गेलो, एवढाच आमच्या कामांचा तोवरचा संबंध होता.

हापशीच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला २००० मिलिग्रॅमच्या बरेच वर निघाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते ५०० पर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल, तर २००० ही शेवटची मर्यादा. हे पाणी भांडी घासण्यापुरते वापरतात, त्यात डाळ शिजत नाही.

शाळेत मी हजेरीपट पाहत होते. कापूस वेचणी संपली होती, आठवडी बाजाराचाही वार जुळत नव्हता, तरी काही मुली ठरावीक अंतराने एकाच दिवशी गैरहजर होत्या आणि मुलांच्या हजेरीत मात्र त्या दिवशी फरक नव्हता. गुरुजींनी कारण प्रामाणिकपणे लिहिले होते: घरकाम. त्यांतल्या एका सातवीतल्या मुलीच्या घरी गेले, तेव्हा तिची आजी म्हणाली, "नय येते त्या दिवशी पोरगी घरीच ऱ्हायते, मॅडम. तिचे मायबाप मजुरीले जातेत, अन् माह्यानं गुंड उचलल्या जात नाही." (वऱ्हाडीत नय म्हणजे नळ आणि गुंड म्हणजे पाण्याचे भांडे.)

नळ सोडणारे ग्रामपंचायतीचे कर्मचारी एका डायरीत पाणी सोडल्याच्या तारखा लिहितात. ती डायरी आणि हजेरीपट आम्ही शेजारी ठेवून एकेक तारीख ताडून पाहिली. तापाने किंवा लग्नामुळे पडलेले खाडे वेगळे काढल्यावर उरलेल्या बहुतेक तारखा जुळल्या. हजेरीपट शाळेत, डायरी ग्रामपंचायतीत, आणि दोन्ही इमारतींमध्ये एकच भिंत! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने मुलांच्या हजेरीवर देखरेख ठेवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणावर सोपवले आहे. पण पाण्याचे वेळापत्रक ठरवताना शाळेची वेळ कोणी विचारात घेत नाही, याचा मला मनापासून राग आला आणि तो मी लपवला नाही.

सरपंचताईंचे म्हणणे रास्त होते: पाणी कोणत्या दिवशी येणार, हे योजनेच्या हाती, गावाच्या हाती नाही. मात्र टाकी रात्री भरते आणि व्हॉल्व्ह सकाळी दहाला उघडतात, हे कर्मचाऱ्यांकडून कळल्यावर चर्चेला वाट मिळाली. पाणी आधी गावठाणात सोडतात, टोकाच्या वस्तीला ते दुपारी पोहोचते, आणि सर्वाधिक खाडे त्याच वस्तीतील मुलींचे होते. म्हणून महिनाभर सकाळी सहाला, तेही त्या वस्तीपासून, पाणी सोडून पाहायचे ठरले. गावठाणातील एका सदस्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा सरपंचताईंनी हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला. डायरीत आता तारखेसोबत व्हॉल्व्ह उघडल्याची वेळही लिहिली जाणार आहे. टाकीच भरली नाही, त्या दिवसांसाठी मात्र गावाकडे अजून काही उपाय नाही, आणि आमच्या अहवालाचा पुढचा भाग त्याच दिवसांविषयी असेल.