पेट्रोलची टाकी उतरली: जुन्या गाडीच्या कामाचा पुढचा टप्पा

टाकी खाली आली आहे. सध्या ती उघड्या अंगणात दोन फळ्यांवर ठेवली आहे. तिच्या तळाशी काय साचलं होतं ते बघितलं आणि फिल्टर सारखा का तुंबत होता, चढावर इंजिन का गुदमरत होतं, हे कळलं.

गाडी इंजेक्शनची आहे, म्हणजे टाकीतला पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि ते इंजिनात फवारलं जातं. टाकी पत्र्याची, मागच्या अॅक्सलच्या पुढे दोन पोलादी पट्ट्यांवर टांगलेली. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली एक झाकण असतं आणि पंप तिथूनच निघतो. तुमच्या गाडीत ते असेल तर नुसत्या पंपासाठी किंवा फ्लोटसाठी (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) टाकी उतरवू नका. माझ्या गाडीत ते नाही, आणि गंज तर टाकीच्या पोटातच होता, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता.

बोल्ट, पाने, जॅक यांची चर्चा आपण नेहमी करतो. या कामात मात्र सगळा क्रम वाफ ठरवते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, म्हणून ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत लांबवर जाते आणि खड्ड्यात साठते. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर हे काम अजिबात करू नये. बंद गॅरेजमध्येही नको. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के वाफ असली की ती पेटते. त्याहून जास्त असली तर पेटायला हवा पुरत नाही. भरल्या, बंद टाकीत वरच्या मोकळ्या जागेतली वाफ सहसा या मर्यादेच्या वर असते. टाकी रिकामी करून उघडली की आत हवा शिरते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त जपून हाताळावी लागते. हे मनात पक्कं असलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप सुचतात.

गाडी मोकळ्यावर सपाट जागी घेतली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं. लाइनमधलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडतं. त्यानंतर एकदा थोडा स्टार्टर मारला. इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये बहुधा ३ बारच्या आसपास दाब असतो, तो असा उतरवला नाही तर पाइप सुटताच फवारा तोंडावर येतो. यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडला. गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर घेतला. पावडरचा अग्निशामक हाताशी होता. उजेडासाठी सीलबंद एलईडी टॉर्च. तारेचा बल्ब फुटला तर तोच ठिणगी ठरतो. सायलेन्सरचा पाइप टाकीच्या शेजारून जातो, म्हणून तो पूर्ण गार होईपर्यंत थांबणं आलंच.

पेट्रोल आधी जितकं संपवता येईल तितकं गाडी चालवून संपवलं होतं. एका लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. वजनापेक्षा त्रास डुचमळण्याचा: अर्धवट भरलेली टाकी जॅकवर कलली की सगळं पेट्रोल एका बाजूला धावतं आणि ती हातातून निसटते. उरलेलं काढायला वरून नळी घातली तर फिलरमधली, म्हणजे पेट्रोल भरायच्या नळीतली, झडप ती अडवते. मी खालून फिलरचा रबरी होज सोडवला आणि हातपंपाची नळी थेट टाकीत घातली. टाकीतली पातळी त्या तोंडाच्या खाली आहे याची खात्री असेल तरच हे करा. तोंडाने ओढून काढायची पद्धत कायमची सोडून द्या. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. कॅन धातूचा, जमिनीवर टेकलेला, टाकीच्या पत्र्याला वायरने जोडलेला, आणि नळीचं टोक कॅनच्या तळाशी. पेट्रोल उंचावरून पडलं की त्यात स्थिर वीज तयार होते.

पट्ट्यांचे बोल्ट सडलेले होते. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने हातानेच घासून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. ग्राइंडर, गॅसची ज्योत, इलेक्ट्रिक इम्पॅक्ट (झटके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) यांतलं काहीही इथे चालत नाही. लांब दांड्याचा रिंग पाना घेतला, आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब देऊन मग उलट फिरवला आणि पुन्हा तेल सोडलं. वेळ लागतो, पण बोल्ट तुटत नाही. सायलेन्सरच्या रबरी कड्या साबणाच्या पाण्याने सुटल्या; पाइप लोंबकळू नये म्हणून तो तारेने बांधून ठेवला. हँडब्रेकची केबल टाकीखालून जात असेल तर ती आधी बाजूला करावी लागते.

आता सगळ्यात नाजूक भाग. सगळी जोडणी टाकीच्या डोक्यावर असते आणि टाकी जागेवर असताना तिथे हात पोचत नाही. म्हणून टाकी दोन टप्प्यांत खाली घ्यायची. जॅकवर रुंद फळी ठेवून टाकीला आधार दिला, पट्टे सोडले आणि ती फक्त हातभर खाली आणली. सोबत एक मित्र होता, तो टाकी सांभाळत होता. हे एकट्याने करू नये. मग वरचे होज आणि वायरचा कनेक्टर काढले. क्विक कनेक्टरवरची, म्हणजे पाइपाच्या झटपट निघणाऱ्या जोडावरची, धूळ आधी उडवायची, तो थोडा आत ढकलायचा, दोन्ही कान दाबायचे आणि सरळ ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की प्लास्टिक तुटणारच. पेट्रोल पुरवणारा, परतीचा आणि कोळशाच्या कॅनिस्टरकडे (वाफ शोषून ठेवणारा डबा) वाफ नेणारा, या तिन्ही पाइपांना वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि तोंडं लगेच बुचं लावून बंद केली.

टाकी बाहेर आल्यावर लॉक रिंगभोवतीची (पंप टाकीत घट्ट धरणारी कडी) माती पुसून काढली, नाहीतर ती सरळ आत पडते. पंप कोणत्या दिशेला बसला आहे त्याची खूण केली. रिंग पितळी सळई आणि छोट्या हातोडीने हलके ठोके देत फिरवली. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. पंप सरळ वर ओढायचा नाही, तिरका करून काढायचा, नाहीतर फ्लोटची दांडी वाकते आणि गेज पुढे कायम चुकीचं दाखवतं.

आत तळाच्या जोडावर तपकिरी पाणी आणि गंजाचा गाळ होता, पंपाची जाळी काळी पडली होती. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि तिथूनच पत्रा खातं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं. तो प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर खाली बसतो. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे व्हायचंच. बाहेरून पट्ट्यांखालच्या रबराच्या जागी पत्रा खडबडीत झाला आहे, कारण त्या रबराखाली ओल टिकून राहते. तुम्ही टाकी उतरवलीत तर तिथे आवर्जून बघा, आणि वरच्या फ्लोअरच्या पत्र्यालाही हात फिरवा.

सुदैवाने आरपार भोक कुठेही नाही. असतं तर मी दुसरी टाकीच शोधली असती. पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंग करायची गोष्ट नाही. कितीही धुतली तरी जोडांत अडकलेलं पेट्रोल तापल्यावर वाफ सोडतं. गंजासाठी सायट्रिक अॅसिड वापरणार आहे, लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम. बाथरूम साफ करायचं जालीम अॅसिड चांगला पत्राही खातं, ते नको. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची, कारण उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो.

पंपाखालचं रबरी सील नवीनच टाकणार. जुनं सील पेट्रोलने फुगलेलं असतं, ते पुन्हा खाचेत नीट बसत नाही. फिलरचा होज आणि क्लिपाही बदलायच्या आहेत. काढलेलं शिळं पेट्रोल झाकण घट्ट लावून सावलीत ठेवलं आहे. ते गटारात किंवा मातीत न ओतता धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचं.

एका गोष्टीवर अजून निर्णय झालेला नाही: आतून अस्तर लावायचं की नाही. थोडा जरी गंज किंवा ओल राहिली तरी अस्तर सुटतं आणि त्याचे पापुद्रे पंपात अडकतात, म्हणून पत्रा स्वच्छ निघाला तर मी ते न लावण्याच्या बाजूने आहे. इथेनॉलच्या पेट्रोलवर अस्तर लावलेली टाकी कुणी काही वर्षं चालवली असेल, तर तिची आतली अवस्था आज कशी आहे ते जरूर सांगा.