नवा डबा महाग पडला का? : युपीएसची भानगड सुटली, हिशेब पुन्हा उघडला

अखेर सापडलं. मागच्या नोंदीत रडगाणं गायलो होतो तेच: ६०० व्हीएचा युपीएस (लाइट गेल्यावर पीसी थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा), त्यावर ३६० वॉट छापलेलं. नवा पीसी पूर्ण जोर लावूनही भिंतीवरच्या वॉटमीटरवर १२० च्या पुढे जात नाही, मॉनिटर धरून १४० म्हणा. तरी लाइट गेली की युपीएस एकदा लांब पीऽऽ करायचा आणि पीसीला घेऊनच झोपायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ची लाल रांग लागली होती. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नाही. ते मलाही दिसत होतंच की. जुना चौथ्या पिढीचा आय-३ मात्र याच युपीएसवर वर्षानुवर्षं निवांत चालला.

नव्यांसाठी एका दमात: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, साधं जाळीचं कॅबिनेट. पक्क्या बिलासह, जीएसटी धरून ३६,५००. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरचेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुना आय-३ काही ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून हा खर्च. (लिनक्स टाका म्हणणाऱ्यांनो, टाकलंय. तो डबा आता पुतण्याच्या टेबलावर आहे, त्याचं बरं चाललंय.) काम काय, तर घरच्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेटींवरून उतरवलेले व्हिडिओ हँडब्रेकमधून (व्हिडिओ लहान फाइलीत बदलणारं सॉफ्टवेअर) काढणं आणि रात्री थोडं खेळणं.

आता युपीएस. सगळ्यात आधी संशय बॅटरीवर. लातुरात जिथून मशीन घेतलं तिथला पोरगा फोनवरच निकाल देऊन मोकळा झाला, "सर, बॅटरी बसली आसंल, दुसरं काय आसतंय?" १२ व्होल्ट ७ एएचची नवी टाकली. फरक पडला, नाही असं नाही. नुसतं ब्राउझर उघडं असताना लाइट गेली तर आता तग धरायला लागला. हँडब्रेक चालू असलं की मात्र परत तेच. म्हणजे बॅटरी थकलेली होती, पण खरा चोर दुसराच.

मग अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोटाची पाठ टेकवली की बारीक झिणझिण्या यायच्या. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तो किरकोळ करंट मुकाट जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावरच बसून राहतो. मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये चाळीसच्या वर व्होल्ट! दोन-तीनच्या आत हवं. वायरमन आला, खड्ड्याकडं बघून म्हणाला, "मालक, तुमचं आर्थिंग नावालाच हाय." आपल्या काळ्या रानाची तऱ्हा ठाऊकच आहे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि माती कोरडी पडून प्लेटपासून सुटली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढत जातो. खड्डा उकरून कोळसा-मीठ भरलं, वायरीचा गंजलेला जोड बदलला, पाणी सोडायला पाइप ठेवला. मीटर दोन व्होल्टवर आला. झिणझिण्या बंद, आणि वर्षानुवर्षं हेडफोनमध्ये येणारी घूंऽऽ सुद्धा गेली! हा आनंद मी दोन दिवस उगाच हेडफोन लावून उपभोगला. युपीएस मात्र झोपायचा तो झोपतच होता.

पुढचा संशय सगळ्यांच्या आवडीचा: स्विचओव्हरचा वेळ. लाइट जाऊन बॅटरीवर येईपर्यंत असले युपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतात, तेवढ्यात एसएमपीएस दम तोडतो, असं आपल्यातल्याच दोघांनी मागे सुचवलं होतं. टॉर्च लावून जाळीतून आत डोकावलो (उघडू नका, आत ३८० व्होल्ट डीसी असतो आणि वॉरंटीही जाते). मोठ्या कपॅसिटरवरचा आकडा जेमतेम वाचता आला: २७० मायक्रोफॅरड. ३८० वरून ३०० व्होल्टवर उतरेपर्यंत त्यातून सुमारे ७.३ ज्यूल मिळतात. १२० वॉटनं भागा, ६० मिलिसेकंद आले. हिशेब ढोबळ आहे, पण १० कुठं आणि ६० कुठं. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसचं मानक) नियमातले १६-१७ मिलिसेकंद हे पूर्ण लोडचे असतात, आपण तर ४५० वॉटच्या एसएमपीएसकडून पाव भागाच्या जरा वर काम घेतोय. वेळेचा मुद्दा तिथंच निकालात निघाला.

उरली लहर. आपले स्वस्त युपीएस बॅटरीवर खरी साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाहीत, पायऱ्या देतात: वर, शून्य, खाली, शून्य. जुन्या आय-३ च्या एसएमपीएसला ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट नव्हतं, त्याला असल्या पायऱ्यांचं काही वाटायचं नाही. नव्या ब्राँझमध्ये आहे. ते सर्किट साइन वेव्हच्या वळणानं करंट ओढायला बघतं. शून्याच्या सपाट पट्ट्यात त्याला काही मिळत नाही, तोवर पीसी कपॅसिटर रिकामा करत असतो, आणि पुढची उभी पायरी आली की एकदम करंटचा लोंढा. चार दिवसांनी नळ आल्यावर सगळी गल्ली एकाच वेळी मोटारी लावते, तसं. सरासरी १२० वॉटच, पण त्या क्षणाचा लोंढा युपीएसला ओव्हरलोड दिसतो आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. पीसी मरत नव्हताच, युपीएस माघार घेत होता. त्याच्यामागून पीसी.

सिद्ध कसं केलं? पुतण्याच्या डब्यातला जुना एसएमपीएस तात्पुरता नव्या बोर्डाला जोडला. कॅबिनेट उघडं, एसएमपीएस टेबलावर, हँडब्रेक शंभर टक्क्यांवर, आणि भिंतीच्या बोर्डावरचा स्विच खटकन बंद. चालू राहिला. परत, परत, परत. चालूच. मग ब्राँझ जोडला, पहिल्याच खटक्याला पीऽऽ. इतका स्वच्छ निकाल या छंदात क्वचित मिळतो. लगेच वायर ओढून ब्राँझ हॉलमधल्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर लावला, इन्व्हर्टर युपीएस मोडवर. खटका मारला, पडद्यावरचा कर्सरसुद्धा हलला नाही.

आता गंमत बघा. कॅबिनेटबरोबर मिळतो तो हलका, नाव नसलेला एसएमपीएस ठेवला असता तर हा त्रास झालाच नसता. चांगल्या पार्टला जास्त पैसे मोजले म्हणून खर्च वाढला. तरी उद्या परत घ्यायची वेळ आली तर ब्राँझच घेईन. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज १७५ पर्यंत उतरतं, आणि असल्या सप्लायवर नाव नसलेला एसएमपीएस जाताना बोर्डालाही सोबत घेऊन जातो. असे बोर्ड मी स्वतः भंगारात टाकलेत.

पण मग ३६,५०० हा आकडा खोटाच झाला की. कोटेशनमध्ये जे नव्हतं ते धरायला हवं. खऱ्या साइन वेव्हचा एक केव्हीएचा युपीएस दहा हजारांच्या घरात जातो. तो मिळवला की ४६-४७ हजार, आणि त्या पैशात ५६००जी घेणं कुणालाही शहाणपणाचं वाटणार नाही. हा प्रोसेसर ऑगस्ट २०२१ चा, कॅशे १६ एमबी (साध्या ५६०० ला ३२), पीसीआयई (एसएसडी, कार्ड जोडायची वाट) तिसऱ्या पिढीचंच, म्हणजे जेन-३. म्हणूनच दुकानदार जेन-४ ची एसएसडी गळ्यात मारत होता तेव्हा नको म्हटलं. बोर्ड कुठलाही लावा, हा प्रोसेसर तिला जेन-३ च्याच वेगानं चालवणार.

म्हणून बेत ठरला होता की दहा हजार घालायचे नाहीत, हॉलच्या इन्व्हर्टरवरून टेबलापर्यंत स्वतंत्र वायर ओढायची. वायरमनला मापही दिलं. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि नवीन लफडं कळलं. युपीएस मोडमध्ये माझा इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली सप्लाय घेतच नाही, सरळ बॅटरीवर जातो. मोटारींच्या वेळेत तो तासन्तास बॅटरीवरच, आणि खरोखर लाइट गेली तेव्हा पंख्यांना उरलं काय? घरात बोलणी कुणाला बसली ते विचारू नका. साध्या मोडवर तो १८० च्या खालचंही चालवून घेतो, पण बदलायला वेळ जास्त लावतो, त्यावर ६० मिलिसेकंदांचा भरवसा ठेवायची माझी छाती नाही.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: लोंढा कमी करायचा तर ओढच कमी करू! ५६००जी ला बायोसमध्ये ४५ वॉटचा सीटीडीपी (प्रोसेसरनं किती वीज ओढायची त्याची मर्यादा) लावता येतो. लेखन अर्धवट टाकून लावून आलो. सिनेबेंच आर२३ (वेग मोजायची चाचणी) मल्टी १०,८०० च्या आसपास यायचं ते ९,५०० च्या आसपास आलं. भिंतीवर १२० चे ९० वॉट झाले. आणि जुन्या पायऱ्यावाल्या युपीएसवर, हँडब्रेक पूर्ण चालू ठेवून खटका मारला तर धरला! पुन्हा मारला, पुन्हा धरला. मॉनिटर युपीएसवरून काढून थेट भिंतीच्या बोर्डावर दिला तर आणखी सुटवांग. सायंकाळच्या १७५ व्होल्टवरची परीक्षा अजून बाकी आहे. तिथं युपीएसचा एव्हीआर (कमी-जास्त व्होल्टेज सावरणारा भाग) टकटक करत असतो आणि बॅटरीही पुरती भरलेली नसते, त्यामुळं एवढ्यात पेढे वाटत नाही.

दुसरा फायदा फुकटात पडला. सोबत आलेल्या छोट्या कूलरवर या उन्हाळ्यात खोली ३८ अंश असताना प्रोसेसर नव्वदीच्या पुढे जायचा, मर्यादा ९५ ची. आता ७६-७८. वेगळ्या कूलरसाठी बाजूला ठेवलेले दोन हजार परत खिशात. कॅसेट काढायला थोडा जास्त वेळ लागतो, लागू दे.

रॅमचं थोडक्यात सांगतो, कारण मागे दोन-तीन जणांनी विचारलं होतं. कोटेशनमध्ये ८ च्या दोन स्टिक लिहिल्या होत्या, डब्यात १६ ची एकच निघाली. "पुढं वाढवायला बरं पडतंय" हे दुकानाचं उत्तर. वेगळं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्याला ते चालेल. ५६००जी मधली वेगा (आतलंच ग्राफिक्स) मात्र सगळं याच रॅमवर जगते, ३२०० वर एका चॅनलला २५.६ जीबी प्रति सेकंद, दोन असतील तर ५१.२. त्यात एक्सएमपी (रॅमला छापील वेगानं चालवणारं सेटिंग) बंद, स्टिक २४०० वर रांगत होती. बिल आणि कोटेशन शेजारी ठेवून शांतपणे बोललो, त्याच दिवशी बदलून दिलं. दोन स्टिक, ३२०० वर, खेळात जवळपास दीडपट फ्रेम. हैदराबादला लागून सिकंदराबाद, तिथल्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून (कॉम्प्युटरचा बाजार) आणलं असतं तर दीड-दोन हजार वाचले असते, मान्य. पण त्या एका स्टिकसाठी परत सिकंदराबाद गाठलं असतं का? लातूरच्या दुकानाला दिलेले जादा पैसे मी तिथंच वसूल धरले. बाकी रॅमचा भाव माझ्या हातात नव्हता. २०२५ च्या शेवटी तो कसा भडकला ते सगळ्यांनी भोगलंय, डिसेंबरात तर रॅम बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळत असल्याचंच जाहीर केलं. हाच डबा वर्षभर आधी घेतला असता तर स्वस्तात पडला असता, पण तेव्हा आय-३ चालत होता.

तर वहीतला ताजा हिशेब: ३६,५००, अधिक युपीएसची बॅटरी, अधिक अर्थिंगचा खड्डा (तो मी घराच्या नावावर टाकलाय, पीसीच्या नाही, यावर घरात मतभेद आहेत), वजा न घेतलेला कूलर, वजा न घेतलेला साइन वेव्ह युपीएस. संध्याकाळची परीक्षा पास झाली तर मी याला वाजवी म्हणेन, स्वस्त नाही. नापास झाली तर जुना, चालू स्थितीतला साइन वेव्ह युपीएस बघणार आहे, बॅटरी मेलेली असली तरी चालेल. नांदेड-परभणीकडं एखाद्या बंद पडलेल्या ऑफिसचा निघत असेल तर कळवा. आणि ज्यांच्याकडं बी४५० वर ४५ वॉट लावलेलं आहे त्यांनी एक बघून सांगा: स्लीपमधून उठल्यावर सेटिंग टिकतं का? माझ्याकडं आज दुपारी एकदा वॉटमीटर परत ११५ दाखवत होता.