जुळे सोलापुरात रीफ टँक: स्टँडपासून क्लाऊनफिशपर्यंत

समुद्र लांब, उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर आणि नळाला पाणी काही दिवसांआड. सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा म्हटलं की या तीन गोष्टी आधी आडव्या येतात, आणि मुंबई-पुण्याच्या शौकिनांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. आमच्या घरी आज दोन फुटी रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, व्यवस्थित चालू आहे. इथल्या कुणाला लावायचा असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

हे वेड मालवणचं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना पाण्याखालचे प्रवाळ पहिल्यांदा पाहिले आणि ते डोक्यातून गेलेच नाहीत. गोड्या पाण्यातले मासे घरी आधीपासून होते, त्यामुळे फिल्टर, पंप, पाणी बदलणं यांची सवय होती. पण रीफ टँकचा हिशोब वेगळा. मी सुरुवातीलाच एक ठरवलं होतं: संक्रांतीला गड्ड्याची यात्रा झाली की कामाला लागायचं, होळीच्या आत टँक भरायचा, आणि एक अख्खा मे महिना नुसत्या दगड-पाण्यावर काढायचा. तोवर एकही मासा आणायचा नाही. पावसाळ्यात सुरू केलेला टँक दिवाळीपर्यंत छान दिसतो आणि खरी परीक्षा एप्रिलमध्ये येते, तेव्हा तो जिवांनी भरलेला असतो. मला ती परीक्षा आधी हवी होती.

पहिलं काम स्टँडचं. टँक 24 × 18 × 18 इंचांचा, काच 10 मिलिमीटरची. काठोकाठ भरला तर 127 लिटर. रिकामी काचच तीस किलोच्या वर भरते. त्यात पाणी, दगड, वाळू आणि खालच्या खणातला सम्प (वरच्या टँकचं पाणी फिरून येतं ती छोटी टाकी) धरला की सव्वादोनशे किलोच्या आसपास ओझं होतं, आणि ते वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहणार. लोखंडी अँगलचा स्टँड स्वस्तात झाला असता, पण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे पडून रंगाखालून गंज धरतो. म्हणून 19 मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला. प्लायवर आयएस 710 चा शिक्का बघूनच घ्यावा. आयएस 303 लिहिलेला प्लाय कपाटाला ठीक, या कामाला नको.

मिस्त्रींनी फळ्या कारखान्यातच कापून आणल्या आणि जोडणी घरी केली. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, गिरणीत फिटर होते, लूम बसवण्यात त्यांची हयात गेली. ते खुर्ची टाकून समोरच बसले. मिस्त्री म्हणाले, "ताई, वरची फळी दोन बाजूंच्या मधे बसवू. कडा दिसायच्या नाहीत, फिनिशिंग भारी येतंय." मामा लगेच म्हणाले, "कडा दिसू द्या की. मधे बसवली तर सगळं वजन स्क्रूवर येतंय. फळी बाजूंच्या डोक्यावर ठेवा." तसंच केलं. वरची फळी दोन्ही बाजूंवर आणि मधल्या उभ्या फळीवर टेकलेली आहे, त्यामुळे वजन सरळ जमिनीत उतरतं. स्क्रू आणि मरीन फेव्हिकॉल फक्त फळ्या जागेवर धरून ठेवायला. पाठीमागची फळीही पूर्ण लावली. ती नसेल तर स्टँड आडवा डुलतो, आणि पाण्याने भरलेला टँक डुलणं म्हणजे सिलिकॉनच्या सांध्यांवर ताण. स्क्रू घट्ट करायच्या आधी मामांनी टेपने दोन्ही कर्ण मोजायला लावले. दोन्ही सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तो फळी ठोकून काढला आणि मगच स्क्रू आवळले.

प्लायच्या कापलेल्या कडांना आणि वायरींसाठी पाडलेल्या भोकांना आतून-बाहेरून पीयू पॉलिशचे तीन हात दिले. सम्पच्या खणात कायम दमट, खारट हवा असते, आणि प्लाय फुगतो तो कडेकडूनच. बिजागऱ्या स्टेनलेसच्या. विजेचा बोर्ड खणाच्या बाहेर, आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत चढत नाही.

मग लेव्हल. आमची शहाबादी फरशी धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून दाराकडे उतरती आहे, जुळे सोलापुरातल्या बऱ्याच घरांत अशीच असते. मामांनी पाणसळ लावली आणि पुढच्या पायांखाली नायलॉनच्या पाचरी सरकवल्या. बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी कुणाला चहाला उठू दिलं नाही. स्टँडवर ईव्हीए फोमचा पातळ थर, त्यावर टँक. आधी साधं पाणी भरून एक रात्र ठेवलं. सकाळी चारही कोपऱ्यांत काचेच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. पाणसळ रिकाम्या स्टँडची लेव्हल सांगते, हे माप भरलेल्या टँकची सांगतं. चारही माप जुळली, काच कुठे पाझरली नाही, आणि ते सगळं पाणी कुंड्यांना गेलं.

पाण्याचं प्रकरण सोलापुरात स्टँडपेक्षा मोठं आहे. रीफ टँकला लागतं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य असलेलं पाणी, कारण मीठ कालवल्यावर त्यात काय काय आहे ते आपल्याला नेमकं माहीत असायला हवं. आमच्या बोअरचं पाणी मीटरवर हजाराच्या वर जातं. उजनीचं नळाचं पाणी त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण त्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीनमुळे आरओची मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) खराब होते. म्हणून आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, मग कार्बन, मग मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन, असा क्रम. बोअरचं पाणी लावलं तर रेझिन फार लवकर संपतं, त्यामुळे टँकसाठी फक्त नळाचं. पिण्याच्या आरओचं पाणी चालणार नाही, त्यात चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं टीडीएस चढलेला असतो, ते पाणी बाजूला काढायचं.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. ज्या गावात बाया नळाच्या वेळेला घागरी मांडून बसतात, तिथे ते गटारात सोडणं मला शक्यच नव्हतं. आमच्याकडे ते पाणी ड्रममध्ये जमा होतं आणि त्यातच फरशी, भांडी आणि संडासाचं काम होतं. ज्यांच्याकडे ही सोय नसेल त्यांनी सोय होईपर्यंत थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मीठ कालवताना मीठ पाण्यात टाकायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम साका होऊन खाली बसतं. पंप लावून एक दिवस फिरवलं की तयार. क्षारता 35 (एक किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार), म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर न जुळवता 35 च्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवावा, कारण आपल्याला मोजायचं आहे ते त्याच टोकाला.

दगड मी कोरडेच घेतले. ते वाळूवर न ठेवता आधी काचेवर टेकवले आणि मग भोवती ॲरॅगोनाइट वाळू ओतली. खाली उकरणारा एखादा जीव पुढे आला तरी दगड ढासळत नाहीत. विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बाटलीतले जिवाणू घातले, अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखात दोन भाग) नेला आणि वाट पाहिली. अमोनिया उतरला, नायट्राइट चढून उतरला, नायट्रेट दिसू लागला. दगडांवर आणि वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर आला. नवीन टँकमध्ये तो येतोच आणि आपोआप ओसरतो, त्यासाठी कुठलंही औषध टाकायची गरज नसते. मधूनमधून अमोनियाचा थेंब देत राहिलं की जिवाणू उपाशी मरत नाहीत.

याच काळात पंप बंद करून पाहिला. वीज गेली की वरच्या टँकमधलं पाणी पाइपमधून सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी नसेल तर घरभर खारं पाणी. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि उतार थांबतो. सम्पवर तेवढ्या उंचीला मार्करने रेघ मारली आहे, पाणी कधीच तिच्या वर भरायचं नाही.

आणि मग मे. प्रवाळांना 25 ते 27 अंश सुखाचे. टँक तळमजल्यावर उत्तरेच्या खोलीत ठेवला आहे, गच्चीखालच्या खोलीचा विचारही केला नव्हता. तरी दुपारी खोली 35 च्या पुढे जायची. इथे मात्र सोलापूरची कोरडी हवा आपल्या बाजूने लढते. पाण्यावर छोटे पंखे सोडले की बाष्पीभवनाने पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंश थंड राहतं. मुंबईच्या दमट हवेत हे फारसं होत नाही, म्हणून तिकडचे लोक पंख्यांना नावं ठेवतात. आपण त्यांचं ऐकू नये. तरीही मेच्या दुपारी नुसते पंखे पुरत नाहीत, म्हणून 1/10 हॉर्सपॉवरचा चिलर लावला. कंट्रोलरवर पंखे 26.5 ला, चिलर 27.5 ला. पंखे आधी लागल्याने चिलर दिवसातून थोडाच वेळ चालतो आणि बिल आटोक्यात राहतं. चिलर गरम हवा फेकतो, तो स्टँडच्या खणात कोंबायचा नाही. खिडकीजवळ, बाहेर तोंड करून ठेवावा. कूलरचं म्हणाल तर, त्याने खोली थंड होते पण हवा ओली होते आणि पंख्यांचा जोर जातो. आम्ही दुपारी कूलर आणि रात्री खिडक्या उघडून नुसते पंखे, यावर स्थिरावलो.

पंख्यांची किंमत पाण्यात मोजावी लागते. मेमध्ये दिवसाला पाच लिटरपर्यंत पाणी उडायचं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आमच्या एकूण 160 लिटरमधले पाच लिटर गेले की 35 ची क्षारता 36 होते, आणि दोन दिवस दुर्लक्ष झालं तर 37 च्या पुढे. म्हणून उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप घेतलाच. त्यात नेहमी गोडं शुद्ध पाणी भरायचं, खारं कधीच नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) आणि पंखे चालतात, चिलर चालत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे पाणी हलतं ठेवणं पहिलं. लांबलं तर फ्रीझरमधल्या बर्फाच्या बंद बाटल्या सम्पमध्ये सोडायच्या. ही सगळी तालीम टँकमध्ये एकही मासा नसताना झाली, म्हणून मला झोप लागत होती.

पाऊस सुरू झाल्यावर मासे आणले. ओसेलॅरिस क्लाऊनफिश, दोन, टँकमध्ये जन्मलेले. या जातीचं प्रजनन आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज नाही. एक मोठा, एक लहान असे निवडले. क्लाऊनफिश जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो, आणि आकारात फरक असेल तर भांडण कमी. मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रातोरात. लांबच्या प्रवासातली एक गोष्ट कळीची आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसायचं नाही. मी दुकानदाराला आधीच फोन करून त्यांच्या पाण्याची क्षारता विचारली होती आणि क्वारंटाइनच्या छोट्या टँकमध्ये तेवढीच ठेवली होती. पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून तापमान जुळवलं, उघडली आणि मासे लगेच जाळीने आत सोडले. क्वारंटाइनमध्ये अंगावर पांढरे ठिपके येत नाहीत ना, हे पाहून मगच मोठ्या टँकमध्ये.

प्रवाळांबाबत मी कडक आहे. रीफ बांधणारे सगळे टणक प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) आणि समुद्री घोडेही तेव्हाच त्यात घेतले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. आपल्या किनाऱ्यावरून तोडून आणलेला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मालवणला पाहिलेली ती वसाहत उभी राहायला किती काळ लागला असेल याचा विचार केला की हात पुढे होत नाही. मी मशरूम आणि झोआंथस हे मऊ प्रवाळ घेतले. हे त्या गटात येत नाहीत, मध्यम प्रकाशात राहतात आणि एका टँकमधून दुसऱ्यात तुकडे देता येतात. असेच, एका शौकिनाच्या टँकमध्ये वाढलेले तुकडे मला मिळाले. झोआंथसच्या काही जवळच्या जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, आणि असा दगड कधीही गरम पाण्यात उकळायचा नाही, वाफेतूनही बाधा होते. घरात लहान मुलं असतील तर हे आधी समजून घ्या.

आता आठवड्याला 15 लिटर पाणी बदलते, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) आणि नायट्रेट तपासते. अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, नायट्रेट 5 ते 10 पीपीएम. निळ्या टँगसारखे मोठे पोहणारे मासे या आकाराच्या टँकला नाहीतच, दुकानदार कितीही म्हणाला तरी. यापुढे एक क्लीनर श्रिम्प आणायचा आहे. क्षारतेच्या चढउताराला तो माशांपेक्षा हळवा असतो, म्हणून ऑटो टॉप-अपचा दुसरा सेन्सर बसवून झाला की मगच त्याचा नंबर.