मालवाहतुकीच्या मॉडेलमध्ये पाइपलाइन: माहूल ते पानेवाडी

मुंबई–नाशिक पट्ट्याच्या माझ्या संगणकावरच्या मालवाहतूक मॉडेलमध्ये आजवर रस्ता, रेल्वे आणि बंदर एवढेच तीन थर होते. या महिन्यात चौथा, पाइपलाइनचा, बसला. त्याआधी नाशिक जिल्ह्याला लागणारं पेट्रोल-डिझेल मॉडेलपुरतं तरी मुंबईतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या माहूलहून टँकरने निघायचं, ठाणे-भिवंडीची गर्दी आणखी वाढवायचं आणि कसारा घाट चढायचं. प्रत्यक्षात मुंबईहून मनमाडपर्यंत २५२ किलोमीटरची पाइपलाइन १९९८ पासून चालू आहे. तिथे पानेवाडीला डेपो आहे आणि टँकर भरतात ते तिथेच. पुढे हीच लाइन दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत वाढवली गेली, पण माझ्या नकाशाची हद्द मनमाडलाच संपते.

जमिनीखालचा मार्ग मुद्दाम काढलेला नाही. मॉडेलला तो लागतच नाही, आणि घरबसल्या अशा वाहिनीचा तंतोतंत नकाशा तयार करणं मला बरंही वाटत नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नोड (टोकाचे बिंदू) आणि मधे एक सरळ लिंक (जोडरेषा) आहे. लांबी, व्यास, चढ हे सगळं तिच्या तक्त्यात.

खरी गंमत लिंकच्या खर्चात आली. व्यास १८ इंच, म्हणजे आतून साधारण ०.४४ मीटर. तासाला १,००० किलोलिटर प्रवाह धरला (हे माझं गृहीतक, कंपनीचा आकडा नव्हे), तर वेग सेकंदाला १.८ मीटरच्या आसपास येतो. झपाझप चालणाऱ्या माणसाइतकाच. माहूलहून निघालेला थेंब पानेवाडीला पोचायला साधारण ३८ तास. ट्रक याहून कितीतरी लवकर पोचतो, पण पाइपलाइन रात्रंदिवस चालते आणि तिला रिकामा परतीचा फेरा नाही. आपल्या टँकरच्या मॅट्रिक्समध्ये (कुठून कुठे किती फेरे, त्या तक्त्यात) निम्मे फेरे रिकामे असतात; इथे तो रकानाच उडतो. शिवाय लाइन कायम भरलेली असते. तिच्या पोटात सुमारे ३८,००० किलोलिटर, म्हणजे २० किलोलिटरच्या टँकरने मोजलं तर १,९०० टँकर माल नेहमीचाच पडून. वाटेतल्या साठ्याचा खर्च धरणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता घाट. कसारा ते इगतपुरी रेल्वेला ३७ ला १ चढ आहे, म्हणून मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. माझी समजूत होती तशीच बहुतेकांची असेल, की पाइपलाइनलाही घाटच महाग पडणार. गणित वेगळंच सांगतं. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर वर चढवायला टनामागे फक्त १.६ युनिट वीज लागते. २५२ किलोमीटरचं घर्षण मात्र वरच्या प्रवाहाला टनामागे जवळपास ४ युनिट खातं. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर एकूण साडेसात युनिटच्या घरात. मनमाडही ५८० मीटरच्या आसपास असल्यामुळे घाटात चढवलेली उंची पुढे उताराने फारशी परत मिळत नाही.

घर्षणाचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे रस्त्यावरच्या गर्दीने प्रवासाचा वेळ किती वाढतो ते काढणारं नेहमीचं बीपीआर सूत्र इथे चालत नाही. रस्त्यावर भार वाढला की वेळ वाढतो. पाइपलाइनमध्ये भार वाढला की वेळ कमी होतो आणि विजेचं बिल वाढतं. पायथनमध्ये या लिंकसाठी वेगळं फंक्शन लिहिलं. ज्यांचं सॉफ्टवेअर सगळ्या लिंकना एकच सूत्र लावतं त्यांना हे जड जाईल.

वाहतुकीच्या साधनाची निवड करायला लॉजिट (कोण किती प्रमाणात कुठलं साधन निवडेल ते काढणारं सूत्र) इथे लावला नाही, आणि कोणी लावू नये असं माझं ठाम मत आहे. पेट्रोलपंपाचा मालक सकाळी उठून 'आज ट्रक की पाइपलाइन' असं ठरवत नाही. कुठल्या डेपोतून माल उचलायचा, एवढंच ठरतं. म्हणून पाइपलाइनला पहिला टप्पा आणि टँकरला दुसरा टप्पा धरून साखळी केली. पानेवाडी हे टँकरच्या फेऱ्यांचं नवं उगमस्थान झालं आणि मॉडेलमधले कसाऱ्यातले टँकर ओसरले. त्याऐवजी मनमाडच्या आसपासचे रस्ते भरले. पाइपलाइनचा खरा परिणाम हा असा रस्त्याच्या थरात दिसतो.

भाड्याचा रकाना भरताना एक गोम लक्षात आली. पेट्रोलियम नियामक मंडळाच्या २०१० च्या मूळ नियमांत सामायिक (अनेक कंपन्यांनी वापरायच्या) पाइपलाइनचा दर समतुल्य रेल्वे भाड्याच्या ७५ टक्के धरला होता. म्हणजे रेल्वे आणि पाइपलाइनची भाड्यावर तुलना केली तर उत्तर आधीच ठरलेलं. म्हणून भाडं सोडून प्रत्यक्ष लागणाऱ्या संसाधनांचा खर्च घेतला.

पाणी धरायचं का, हा प्रश्न घरातूनच आला. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, म्हणजे ३८ लाख टनांहून जास्त. ते टन-किलोमीटरमध्ये घातलं तर भातसा-तानसापुढे सगळी मालवाहतूक किरकोळ ठरते. मालवाहतुकीच्या आकडेवारीत नळाचं पाणी धरत नाहीत, मीही सोडलं. पाण्याचे टँकर मात्र ठेवले, कारण ते रस्ता अडवतात.

मुंबई हाय ते उरण ही कच्च्या तेलाची वाहिनी मॉडेलमध्ये ठरावीक, न बदलणारा प्रवाह म्हणून घातली. तिला स्पर्धकच नाही.

बॅचचं, म्हणजे एका वेळी सोडलेल्या एकाच मालाच्या खेपेचं, काम बाकी आहे. पेट्रोल, डिझेल एकामागोमाग त्याच नळीतून जातात. सांध्यावर थोडं मिसळतं, तो भाग वेगळा काढावा लागतो. त्यामुळे बॅच जितकी लहान, तितकं एकूण मिश्रण जास्त, म्हणून बॅच मोठी ठेवावी लागते. म्हणजे पानेवाडीला पेट्रोल रोज थोडंथोडं न येता लोटाने येतं. वार्षिक मॉडेलला फरक पडत नाही, पण माझं मॉडेल आठवड्याचं आहे. टाकीची क्षमता आणि बॅचचा आकार यांची सांगड कोणी घातली असेल तर पद्धत सांगा. पुढे मुंबई–पुणे–सोलापूर लाइन घ्यायची आहे, आणि पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या डेपोला हाच प्रश्न येणार आहे.