आईच्या आजारपणात सतरा महिने साताऱ्यात: री-एंट्री परमिट काढून गेले, त्याची गोष्ट

मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ताईचा फोन आला तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईला सकाळी उजवा हात उचलेना, जीभ जड झाली, आणि ताई-भाऊजींनी तिला साताऱ्यातच दवाखान्यात नेलं होतं. पक्षाघात. "डॉक्टर म्हणतात सहा महिने लागतील की वर्ष, आत्ता काही सांगता येत नाही," ताई म्हणाली. फोन ठेवल्यावर मी आधी तिकीट बघायला घेतलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ग्रीन कार्डाचं, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचं, काय ते आजच ठरवायला हवं.

ही गोष्ट इतकी सविस्तर लिहिते आहे, कारण त्या रात्री मला मिळालेले बहुतेक सल्ले चुकीचे होते. "सहा महिन्यांच्या आत एकदा तोंड दाखवून यायचं, मग काही होत नाही," असं तीन जणांनी सांगितलं. माझ्या ओळखीतल्या एकीने मात्र स्वतः हे सगळं केलं होतं. ती म्हणाली, "तू अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा अर्ज कर. बाहेर पडलीस की तो अर्ज करताच येत नाही." तिचे उपकार मी विसरणार नाही.

आधी नियम सांगते. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परत येताना तुमच्याकडे कायद्याने नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून बघता येतं. सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर नुसत्या ग्रीन कार्डावर परत येता येत नाही, आणि विमान कंपनीच तुम्हाला चढू देणार नाही अशी वेळ येते. पण या दोन्ही आकड्यांच्या मागे खरा प्रश्न एकच असतो: तुमचं घर कुठे आहे? दर पाच महिन्यांनी येऊन दोन आठवडे राहून जाणाऱ्यालाही अधिकारी तो विचारू शकतो, आणि उत्तर पटलं नाही तर तुम्ही अमेरिकेतलं वास्तव्य सोडून दिलं आहे असं म्हणू शकतो.

म्हणून री-एंट्री परमिट, म्हणजे मुक्काम वर्षाच्या वर गेला तरी परत येता यावं म्हणून आधीच मागायचा परवाना. फॉर्म आय-१३१ भरायचा, सोबत ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि फी. तेव्हा फॉर्मचे ५७५ आणि बोटांच्या ठशांचे ८५ असे ६६० डॉलर लागले. १ एप्रिल २०२४ पासून ते एकत्र करून ६३० केले आहेत. भरण्याआधी युएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, पानावर आजचा आकडा आणि फॉर्मची आजची आवृत्ती बघाच, जुन्या आवृत्तीवर भरलेला अर्ज परत येतो.

फॉर्म मी त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर बसून भरला. किती दिवस बाहेर राहणार, या प्रश्नाशी बराच वेळ अडले. शेवटी खरं तेच लिहिलं, आईच्या आजारपणासाठी जाते आहे आणि वर्षाच्या वर लागू शकतं. सकाळी कुरिअरने पाठवला. पण अर्ज दाखल होताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं. पाकीट वाटेत आणि मी विमानात, असं चालत नाही. ते दोन दिवस फार वाईट गेले. बॅग दारात भरून ठेवलेली, आई अतिदक्षता विभागात, आणि मी तासातासाला कुरिअरचं ट्रॅकिंग बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाकीट पोचल्याचा मेसेज आला, त्याची प्रिंट काढली आणि त्याच रात्री नेवार्कहून निघाले. आज कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, की ते दोन दिवस थांबा. जिवाला फार लागतं, पण थांबा.

अर्जाची पावती पंधरा दिवसांनी घरी आली. माझी मुलगी तेव्हा रटगर्स विद्यापीठात शिकत होती आणि शनिवार-रविवारी घरी येऊन टपाल उघडायची. असं विश्वासाचं माणूस आणि चालू पत्ता नसेल तर सगळं अडतं. एप्रिलमध्ये ठशांच्या भेटीचं पत्र आलं: मे महिन्याचा पहिला आठवडा. हे ठसे अमेरिकेतच द्यावे लागतात, भारतातल्या दूतावासात ते काम होत नाही. कधीकधी आधीच्या अर्जाचे ठसे वापरतात आणि बोलावत नाहीत, पण त्यावर विसंबू नका. भेटीला गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

तेव्हा आई घरी आली होती. उशीला टेकून बसायची, उजव्या मुठीत फिजिओथेरपिस्टने दिलेला स्पंजचा चेंडू असायचा. मी नऊ दिवसांसाठी जाते म्हटल्यावर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. शब्द अजून नीट येत नव्हते. "ये," एवढंच म्हणाली.

ठशांच्या केंद्रात वेगळीच अडचण आली. दोन महिने आईचं सगळं करताना दिवसातून वीस वेळा साबण, जंतुनाशक, गरम पाणी. माझ्या बोटांची कातडी सोलवटली होती. काचेवर चार बोटं ठेवली की यंत्र लाल व्हायचं. तिथल्या बाईंनी बोटांवर फवारा मारला, पुसली, एकेक बोट स्वतः दाबून फिरवलं. पाचव्या-सहाव्या खेपेला उमटले. त्यांनी विचारलं, "हातांना काय झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आठवडाभर आधीपासून रात्री मलम लावून झोपायला हवं होतं. तेव्हा घरी रुग्णसेवा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

ठसे झाल्यावर थांबायची गरज नसते. परमिट तुमच्या अमेरिकेतल्या पत्त्यावर घेता येतं किंवा परदेशातल्या अमेरिकन दूतावासात मागवता येतं, हे फॉर्ममध्येच लिहायचं असतं. मी घरचा पत्ता दिला होता. आणि मग वाट पाहणं सुरू झालं. मी मेच्या मध्यावर परत निघाले होते, म्हणजे मे २०२३ च्या मध्यापर्यंत परमिट आलं नाही तर आईला तशीच सोडून परत फिरावं लागणार होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी ती तारीख पेन्सिलीने गोल करून ठेवली होती. ताईला त्या गोलाचा राग यायचा. परमिट फेब्रुवारीत आलं, अर्जानंतर अकरा महिन्यांनी. पासपोर्टसारखी पुस्तिका असते. मुलगी मार्चमध्ये सुटीला आली तेव्हा तिने ती बरोबर आणली.

परमिट बहुधा दोन वर्षांचं मिळतं, दिल्याच्या दिवसापासून. ते वाढवून मिळत नाही. नवं हवं तर परत अमेरिकेत येऊन नवा अर्ज. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून गेल्या पाच वर्षांतली चारपेक्षा जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर सहसा एकच वर्षाचं देतात. आणि परमिट म्हणजे हमी नव्हे. नुसत्या लांबलेल्या मुक्कामावरून कार्ड सोडलं असं म्हणता येत नाही, इतकंच त्याचं संरक्षण. बाकीचे धागे तुम्हालाच धरून ठेवावे लागतात.

माझे धागे असे होते. आधी नोकरीतून १२ आठवड्यांची कौटुंबिक रजा घेतली, ती बिनपगारी असते पण नोकरी राखून ठेवते. मग कंपनीकडून पत्र मागून घेतलं की मी आईच्या शुश्रूषेसाठी रजेवर आहे आणि परतल्यावर माझा विचार होईल. भाड्याच्या घराचा करार मुलीसोबत चालू ठेवला. बँक खातं, एक क्रेडिट कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचा विमाही चालू ठेवला. गाडी विकायचा मोह झाला होता, बरं झालं विकली नाही.

कर हा सगळ्यांत नाजूक भाग, आणि त्यातच लोक जास्त चुकतात. ग्रीन कार्ड आहे तोवर अमेरिकेतल्या रहिवाशांचं करविवरण, फॉर्म १०४०, भरायचा, जगभरातलं उत्पन्न दाखवून, जणू तुम्ही अमेरिकेतच आहात. "मी तर वर्षभर भारतात होते" म्हणून अनिवासींचा १०४०-एनआर भरला तर तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलंत की मी इथली रहिवासी नाही. भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तिकडेही रहिवासी ठरता, मग दोन्हीकडे विवरणपत्र आणि एकीकडच्या कराची दुसरीकडे वजावट. दोन देशांमधल्या करारात एका देशाचा रहिवासी ठरवण्याची सोय आहे. ती वापरून "मी भारताचा रहिवासी" असा दावा करायला कोणी सीए सुचवेल. कार्ड टिकवायचं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. दवाखान्याचे पैसे भरता यावेत म्हणून आईच्या खात्यावर माझी सही चालत होती. ते खातंही यात धरावं लागतं, हे मला वकिलांकडून कळलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये आई काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागली, दिवसाची बाई मिळाली, आणि मी निघाले. मुंबईत चेक-इनला ग्रीन कार्ड दिलं. शेवटचा शिक्का पंधरा महिन्यांपूर्वीचा बघून काउंटरवरची मुलगी थांबली. पुस्तिका दिल्यावर तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी तारीख पाहिली, बोर्डिंग पास मिळाला. पुस्तिका चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा.

नेवार्कला अधिकाऱ्याने चार प्रश्न विचारले. इतके दिवस का? काम कुठे करता? घर कोणाच्या नावावर? कर भरता का? मग आतल्या खोलीत बसवलं. मी निळ्या फाइलीत लावलेला क्रम सांगते: वर आईच्या डिस्चार्जचे आणि फिजिओथेरपीचे कागद, मग कंपनीचं पत्र, भाडेकरार, २०२१ आणि २०२२ च्या करविवरणाच्या प्रती, बँकेचे अलीकडचे कागद. त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि करविवरण तेवढं पाहिलं. आई आता कशी आहे, असं विचारलं. पाऊण तासात बाहेर आले. उत्तरं थोडक्यात द्या, विचारलं तेवढंच, आणि सगळं खरं.

आता ज्यांच्याकडे परमिट नाही आणि आत बसवलं गेलं, त्यांच्यासाठी. कार्ड सोडत असल्याचा एक फॉर्म असतो, आय-४०७. तो स्वेच्छेचा आहे. विमानप्रवासाने थकलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या आपल्या आईवडिलांना हे घरीच दहादा समजावून सांगा: काय आहे ते कळल्याशिवाय सही करायची नाही, दुभाषी मागायचा, आणि "मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर माझं म्हणणं मांडायचं आहे" हे वाक्य पाठ करायचं. न्यायाधीशासमोर वास्तव्य सोडल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते.

आईवडिलांचा विषय निघालाच आहे तर मनापासून सांगते. मुलांनी कार्ड करून दिलेलं, जीव मात्र पुण्यात किंवा साताऱ्यात, आणि कार्डासाठी गुडघेदुखीत दर पाच महिन्यांनी वीस तासांचा प्रवास, अशी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना खरोखर अमेरिकेत राहायचं नसेल तर नीट विचार करून, आय-४०७ भरून युएससीआयएसला टपालाने पाठवून, पर्यटक व्हिसाचा अर्ज करणं हा सरळ मार्ग आहे. व्हिसा मिळेलच असं नाही, हे आधी धरून चाला.

वर्ष उलटून गेलं आणि परमिट नाही, तर उरतो एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशांचा व्हिसा. दूतावासात त्याचा अर्ज, डीएस-११७, भरायचा आणि दाखवायचं की परतायचा इरादा कायम होता आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला. कागद भक्कम लागतात. कार्ड हरवलं असेल आणि वर्ष व्हायचं असेल तर कार्डाशिवाय विमानात चढता यावं म्हणून आय-१३१ए हा वेगळा अर्ज आहे, तो दूतावासात चालतो. लग्नावरून मिळालेलं दोन वर्षांचं कार्ड असेल तर परमिटने त्याची मुदत वाढत नाही. कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत भरायचाच, कुठेही असलात तरी.

मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट नागरिकत्वाची. परमिटने कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य वाचत नाही. सहा महिन्यांवर गेलात तर ते तुटलं असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. सलग वर्ष झालं की तुटतंच. माझी चार वर्षं गेली. परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवसाने अर्ज करता येतो, पण तेव्हाही मागच्या पाच वर्षांत सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी दिसत असते. ते गृहीतक नको असेल तर चार वर्षं सहा महिने थांबायचं. हे मला जाण्यापूर्वी माहीत असतं तरी मी गेलेच असते, पण माहीत असायला हवं होतं.

माझा हिशेब फेब्रुवारी २०२८ चा येतो. तोवर कुठलीही फेरी सहा महिन्यांच्या कितीतरी आत ठेवायची, असं ठरवून टाकलंय. डिसेंबरात आईकडे पाच आठवडे जाते आहे. तिला आता फोनवर पूर्ण वाक्यं येतात. काल म्हणाली, "परतीचं तिकीट आधी काढ, मग ये."