पूररेषा फुटात नाही, मीटरात वाचा

कृष्णाकाठच्या सांगलीत प्लॉट बघायला गेलं की एजंटाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "इथं पाणी येत नाही." जरा खोदून विचारलं की, "दोन हजार एकोणीसच्या पुरात आलं होतं, पण नुसतं रस्त्यावर." अजून खोदलं की, "दोन पायऱ्या भिजल्या, बाकी काही नाही." हे सगळं खरंही असू शकतं. पण त्यावर घर बांधायला परवानगी मिळेल का आणि मिळाली तर जोतं किती उंच घ्यावं लागेल, याचं उत्तर पायऱ्यांवर मिळत नाही. ते तीन वेगवेगळ्या ऑफिसांत तुकड्या-तुकड्यानं पडलेलं असतं आणि ते तुकडे जोडायचं काम कुठल्याच ऑफिसचं नसतं. ते घेणाऱ्यानंच करायचं.

आधी कोण काय करतं ते बघू. पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढू शकतं ते दाखवणारी रेषा, आखतो जलसंपदा विभाग, म्हणजे आपल्या बोलण्यातलं पाटबंधारे खातं. पण ते बांधकाम परवाना देत नाही. परवाना महापालिका हद्दीत महापालिकेचा नगररचना विभाग देतो, हद्दीबाहेर जिल्हाधिकारी, आणि त्यांना तांत्रिक सल्ला नगररचनेची जिल्हा शाखा देते. सातबारा, एनए (शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी) आणि तिची सनद हे महसूलचं. महसूलनं सनद दिली म्हणजे पाटबंधारेनं पूर तपासला, असं होत नाही. "एनए आहे, काळजी नको" हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. पूररेषा आखण्याआधीचा जुना एनए आदेश दाखवून आजही सौदे होतात. त्या आदेशावर आज नवीन बांधकाम मागायला गेलात की आजची पूररेषाच लागते. एनएची प्रक्रिया गेल्या काही वर्षांत सैल होत आली, विकास आराखड्यातल्या जमिनीला वेगळा आदेश लागेनासा झाला. पूररेषा मात्र त्यामुळे तसूभरही हललेली नाही.

झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या विभागात मोडते ते सांगणारा कागद, घेताना लोक फक्त "रहिवास विभाग" हे दोन शब्द वाचतात आणि खुश होतात. दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात टीप असते, पूररेषेबाबत जलसंपदा विभागाचे अभिप्राय घेणे आवश्यक अशा अर्थाची. खरा मजकूर तोच. दाखल्यासोबत भाग नकाशाही (आराखड्याचा आपल्या जागेपुरता तुकडा) मागा आणि त्यावर निळी आणि लाल रेषा आपल्या गटातून जाते का ते बघा.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. यातला "एकदा" फार फसवा आहे. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. गृहकर्ज ३० वर्षांचं धरलं तर त्या काळात तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते. निळ्या रेषेचा हिशेब केला तर ७० टक्क्यांच्या वर जातो. त्यात सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांत बघितले आहेत, त्यामुळे "शंभर वर्षांतून एकदा येतं हो" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

नियम डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं घर नाही. बाग, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी केंद्र, पाइपलाइन असलं चालतं. सांगलीतल्या गावभागासारख्या जुन्या वस्तीत अधिकृत घर आधीपासून असेल तर त्याच्या पुनर्बांधणीला वाट ठेवलेली आहे, पण पाटबंधारेचा ना-हरकत दाखला हवा आणि बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. इथं बांधता येतं, अट तीच: लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट. लाल रेषेबाहेर पूररेषेची अट नाही.

आणखी एक सवलत आहे आणि विकणारे ती मोठ्या आवाजात सांगतात. प्लॉटचा काही भागच रेषेत येत असेल आणि जमीन रहिवास किंवा तत्सम विकसनशील विभागात असेल, तर बाधित भागाचा एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) उरलेल्या भागावर वापरता येतो. खरी गोष्ट आहे. पण उरलेला भाग बांधण्याइतका असला पाहिजे ना! सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडून हातात वीस फुटांची पट्टी उरली तर तो एफएसआय कागदावरच राहतो.

आता मुद्द्याचं. पूररेषा नकाशावर रेघ दिसते, पण मुळात ती उंची आहे, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. आणि सांगलीकर पुराबद्दल बोलतो फुटात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटात. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण हे फूट पुलाजवळच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत, तुमच्या उंबऱ्यापासूनचे नव्हेत. शिवाय नदीला उतार असतो. आयर्विनला ५० फूट असताना वर भिलवडीकडे पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या हिशेबात जास्त असते, खाली अंकलीकडे कमी. त्यामुळे "आयर्विनला ५० झालं तरी आमच्याकडे येत नाही" हा गावाचा अनुभव म्हणून ठीक आहे, परवान्याच्या फाइलला त्याचा उपयोग नाही.

फाइलला लागतं ते असं. पाटबंधारे विभागाकडे अर्ज द्या: गट नंबर, गावाचं नाव, मोजणीचा नकाशा, झोन दाखला आणि भाग नकाशा जोडून. अर्जात नुसतं "पूररेषेचा दाखला मिळावा" लिहू नका. आपल्या गटाजवळच्या छेदावर (नदीची आडवी मोजणी केलेल्या ठिकाणी) निळ्या आणि लाल रेषेची पातळी किती मीटर, असा थेट प्रश्न लिहा. नाहीतर उत्तर येतं "सदर गट अंशतः बाधित आहे", आणि त्या "अंशतः"वर पुढे कुणीच काही ठरवू शकत नाही. उत्तर लांबलं तर माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, पातळ्यांचा तक्ता मागता येतो.

मग सर्वेअरकडून प्लॉटची पातळी काढून घ्या. जवळच्या खात्रीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, ऑटो लेव्हल या यंत्रानं पातळी आणायची, प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी रीडिंग घ्यायची आणि परत बेंचमार्कवर येऊन फरक तपासायचा. परत न येता दिलेला आकडा घेऊ नका. मोबाइलवरची उंची तर बघूच नका, तिच्यात काही मीटरची चूक सहज असते. डीजीपीएसनं, म्हणजे उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्रानं, काढली असेल तर ती समुद्रसपाटीला बदलून दिली आहे का ते विचारा. यंत्र मुळात वेगळ्याच पृष्ठभागापासून उंची देतं आणि दोन्हींत अनेक मीटरचा फरक असतो.

समजा लाल रेषेची पातळी आली ५४६.४० मीटर आणि जमीन निघाली ५४४.१०. फरक २.३०, त्यात ०.४५ मिळवा, झाले २.७५ मीटर. म्हणजे नऊ फूट. जमिनीपासून नऊ फुटांवर घराची पहिली फरशी. याचा सरळ अर्थ खाली पार्किंग आणि वर घर. त्याचा खर्च, जिना, म्हातारी माणसं घरात असतील तर त्यांची चढउतार, हे सगळं प्लॉटच्या किमतीत धरायचं. दोन लाख स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला प्लॉट इथंच महाग पडतो.

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे भराव. "मुरूम टाकू, लेव्हल करू." हिशेब करून बघा. पाच गुंठे म्हणजे ५४४५ चौरस फूट. वरच्या उदाहरणातला २.३० मीटर, म्हणजे साडेसात फूट भराव करायचा तर जवळपास ४१ हजार घनफूट, म्हणजे चारशेच्या वर ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), तेही दाबून बसलेला. सुटा मुरूम चौथा-पाचवा हिस्सा जास्त लागतो, म्हणजे पाचशे ब्रासच्या आसपास. पाच ब्रासची हायवा (मोठा डंपर) धरली तरी शंभर खेपा. प्रत्येक खेपेला गौण खनिजाचा पास हवा, तो मागून घ्या. विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. एवढं करून खाली माती कुठली, तर नदीकाठची काळी किंवा मळीची. ती पुरात आठवडाभर भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि वरचा भराव खचतो. भिंतीला तिरपे तडे जातात ते बहुतेक यामुळेच. कडेला साडेसात फुटांची संरक्षक भिंत लागते ती वेगळीच. आणि निळ्या रेषेच्या आत भराव टाकला म्हणजे ती रेषा सरकत नाही. रेषा नदीच्या मोजणीवरून ठरते, तुमच्या मुरमावरून नाही.

एका प्लॉटच्या भरावानं कृष्णेची पातळी वाढत नाही, हे कबूल. ओढ्याची मात्र वाढते, आणि सांगलीत बराचसा पूर ओढ्यातूनच येतो. नदीचं पाणी काठावरून चढून समोरून येईल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात नदीची पातळी वाढली की ती नाल्याच्या तोंडातून उलटी आत शिरते आणि पाणी घराच्या मागच्या बाजूनं येतं. सांगलीतल्या शेरीनाल्याच्या अंगाला राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. त्यात शहराच्या जरा खाली हरिपूरला वारणा नदी मिळते. वारणा भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही आणि पाणी तुंबतं. म्हणून "नदी दीड किलोमीटर लांब आहे" याला काही अर्थ नाही. दीड किलोमीटरवरची जमीन पुराच्या पातळीखाली असेल आणि मध्ये नाला जोडलेला असेल तर नदी तुमच्या दारातच आहे. सांगलीतल्या शामरावनगर या वस्तीचा प्रश्न आणखी वेगळा, तिथं वरून पडलेलं पाणीच निघून जात नाही. ते पूररेषेच्या नकाशात सापडणार नाही, पावसाळ्यात जाऊनच बघावं लागतं.

ओढ्यासाठी तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: गाव नकाशा, गट नकाशा आणि आजचा उपग्रह फोटो. गाव नकाशात ओढा आहे आणि जागेवर सपाट प्लॉटिंग दिसतंय, तर ओढा गेला नाही, बुजवला आहे. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीबाहेरचं क्षेत्र) बघा. वर्ग अ असेल तर ती लागवडीला अयोग्य जमीन, पण वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापर यासाठी ठेवलेली. चाळीस गुंठ्यांत तीन गुंठे वर्ग ब दिसले तर ते नक्की कुठं आहेत ते विचारा. विकणारा ते प्लॉटिंगच्या नकाशात रस्त्यात किंवा कुणाच्या तरी प्लॉटात घालून मोकळा झालेला असतो. हद्द कायम मोजणी करून भूमी अभिलेखकडून मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा) घेतली की हे उघडं पडतं.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटांबद्दल, थोडक्यात. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हे मालकीचा आणि बांधकामाचा गुंता सोडवतं, पाण्याचा नाही. प्रमाणपत्र असलेल्या प्लॉटचीही पातळी काढा.

विकास आराखड्यावर हरकत घ्यायची असेल तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस मिळतात. "पूररेषा चुकीची आहे" एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही, कारण महापालिका सांगते रेषा आमची नाही, पाटबंधारेची आहे. आणि नियमावलीच म्हणते की पाटबंधारेनं रेषा बदलली की आराखड्यावरचीही आपोआप बदलली. म्हणून आकड्यांसह अर्ज पाटबंधारेकडे करायचा आणि त्याची पोच हरकतीला जोडायची. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: रेषा तुमच्या विरुद्धही सरकू शकते. नकाशा कुठल्या तारखेचा आहे हे दर वेळी विचारायचं.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर इथं तासन् तास बोलता येतं. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून वाढवावी की नाही, फुगवटा (धरणामागं तुंबणारं पाणी) सांगलीपर्यंत येतो की नाही, यावर समित्या झाल्या, होत राहतील. ज्याला पुढच्या महिन्यात खरेदीखत करायचं आहे त्याच्या कामाचा आकडा मात्र त्याच्याच प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर आहे.

सीआरझेडचं नाव कुणी काढलं तर ते समुद्रकिनाऱ्याचं, आपल्याला लागू नाही. आरआरझेड म्हणून नद्यांसाठी धोरण होतं, ते राज्यानं २०१५ मध्येच रद्द केलं. दोन्ही नावं घेऊन घाबरवणारे आणि "ते रद्द झालं, आता काहीच बंधन नाही" म्हणणारे, दोघंही सारखेच चुकतात.

इसार द्यायची वेळ आलीच तर रक्कम लहान ठेवा आणि इसार पावतीत एक ओळ घालून घ्या: पाटबंधारे विभागाच्या लेखी अभिप्रायात जागा निळ्या पूररेषेच्या आत आढळल्यास किंवा लाल रेषेची पातळी जमिनीपेक्षा अमुक मीटरहून जास्त निघाल्यास इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. ते "अमुक" आधी ठरवून आकड्यात लिहा. या ओळीला विकणारा कां-कूं करायला लागला तर पातळी त्यानं आधीच काढलेली असण्याची शक्यता बरीच.